पाटीले पोळी लागत नाही

अजनीच्या पुलावर, चढ संपता संपता
मोपेडनं मान टाकली.
मागचा ऑटोवाला ओरडला, "काऊन थांबली बाप्पा मधातच?"
मी कुठं थांबले? तिलाच विचार.

पायापाशी पोत्यावर ढेमसी,
दीड कानाची, चौदा किलोची,
जीभ अशी बाहेर, जणू वर्धा रोडपासून
तिनंच गाडी ओढत आणली.

ही सहावी खोली.
खामल्यातल्या बाईंनी चहा पाजला,
कूलरची खिडकी दाखवली,
मग खाली बघून म्हणाल्या, "हे पण राहीन का?"
प्रतापनगरात विचारलं, व्हेज का नॉनव्हेज?
मी म्हटलं, मी की ही?
कोणी हसलं नाही.

गोपालनगरला पोचले ढकलत ढकलत,
पाऊण तास उशिरा, ओढणी घामानं चिकटलेली.
फाटकावर लाल अक्षरं :
कुत्र्यापासून सावध राहा.
म्हटलं, चला, जमलं. आपलीच माणसं.

ढेमसीनं पाटी खालून वर हुंगली,
शेपटी हलवून आतल्या कुणाची तरी
वाट पाहत बसली.

बनियानवर दंडारेकाका आले.
"कुत्रा? नाही पोरी, नुसती पाटीच हाय.
पाटीले पोळी लागत नाही, सुई लागत नाही.
अन् तुह्यी जमत नाही. माणसं आणशीन तर सांग."

मोपेड मेली आता पहिल्या किकला सुरू झाली.
वळणावर ढेमसी मागं बघून एकदा भुंकली,
काकांसाठी नाही,
मला वाटतं त्या पाटीसाठी.

उद्या त्रिमूर्तीनगर, सहा वाजता.
साडेचारलाच निघते.