इंटरव्हल

रहिमतपूरच्या टॉकीजला
लढाईचा पिक्चर लागलेला.
नानांना मीच घेऊन गेले,
म्हटलं, त्यांच्या ओळखीचं काहीतरी.

तोफा सुटल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या.
नाना हलले नाहीत.
मग पडद्यावरचा एक शिपाई
नुसताच बसून बुटाची लेस सोडू लागला,
गाठ सुटेना, सुटेना,
तेव्हा नानांनी माझं मनगट धरलं.

इंटरव्हलला शेंगदाणे घेतले.
म्हणाले, "बजाबा निकम होता तो."
कोण, ते मी विचारलं नाही.

उरलेला पिक्चर आम्ही
मागच्या भिंतीला टेकून ऐकला.
प्रत्येक धमाक्याच्या जरा आधी
नाना हळूच सांगत, "आता."

अपशिंग्याची शेवटची गाडी साडेनवाची.
चढताना त्यांच्या पायांकडे बघितलं.
तेवीस वर्षं झाली,
लग्नाकार्यातसुद्धा
चपलाच.