चौथ्या नमुन्यापुढे

ताम्पेरेच्या जुन्या कापडगिरणीच्या तळघरात
आर्नीने पडदा लावलाय. खरं तर गरज नव्हती,
पलीकडे नुसते दोन स्पीकर आहेत,
पण परीक्षा म्हटली की पडदा हवा, असं त्याचं म्हणणं.
बाहेर उणे एकोणीस. कॉफी तिसऱ्यांदा चढवलेली.
माझ्यासमोर कागद: अकरा नमुने, दहापैकी गुण,
आणि कडेला एक रकाना, माणूस की यंत्र.

मला बोलावलं, कारण मी गिटारी दुरुस्त करते.
चाळीस वर्षं लोकांनी आणून टाकलेली लाकडं
पोटाशी धरून ऐकली आहेत.
कानाला याहून दुसरी पदवी नाही.

पहिला नमुना. सहाही तारा एकदम,
बाईंनी विचारल्यावर अख्खा वर्ग
एका सुरात "होऽऽ" म्हणतो तशा.
हात असा उतरत नाही. हात जिना उतरतो:
जाड तारेवर पाय, मग पुढची पायरी,
घाईत असला तर शेवटची गाळतोच.
दोन गुण. यंत्र.

दुसऱ्याला कुणीतरी सांगितलंय
की बोटं तारेवर घासतात.
तेव्हापासून तो घासतोच आहे.

सहाव्यात तार ताणली, सूर चढला,
नेमका जिथं पोचायचा तिथं जाऊन थांबला.
माझ्या दुकानात येणारी पोरं तिथं केसभर कमी पडतात
आणि उरलेलं अंतर भुवयांनी ओढून घेतात.
भुवया ऐकू येतात. इथं आल्या नाहीत.

नववा मात्र...
एफची पकड येण्याआधी जरासा उशीर,
दोन तारा मुक्या, एक खरखरलेली.
"अंगठा दुखतोय त्याचा," मी मोठ्यानं म्हणाले.
दहा गुण. माणूस.
समासात लिहिलं: नवशिका, डावा हात लहान,
तारा थोड्या खाली आणून द्याव्यात.

आणि चौथा. नुसता बेस.
गोल, कोरडा, वेळेवर.
एकही ठोका उंबऱ्याला अडखळला नाही.
मी लिहिलं: सुरेख. मागे कुणी नाही.
यंत्र.

आर्नीने उत्तरं वाचली तेव्हा त्याचा आवाज खालीच होता.
"नववा माझा. उशीर मीच घातला, चाळीस मिलिसेकंद.
कोणत्या तारा मुक्या राहतील, ते फासे टाकून ठरतं."
त्या लहान हाताची मला अजून काळजी वाटते,
काय करू.

"चौथा..." म्हणून तो कोपऱ्याकडे बघत राहिला.
तिथं ताइस्तो बसला होता, कोट न काढता.
मला वाटलेलं, हीटरपाशी ऊब घ्यायला आलाय.
तळ्याकाठच्या नाचघरात एकतीस वर्षं दर शनिवारी
बेस वाजवणारा ताइस्तो.
त्याच्या बेसच्या खुंट्या मीच दोनदा बदलल्या आहेत.

त्यानं हात पुढे केला, कागद मागितला.
चष्मा शोधला. दोन्ही खिसे, मग तिसरा.
"मागे कुणी नाही," त्यानं वाचलं.
पुन्हा वाचलं, या वेळी हळू,
जणू मधल्या शब्दावर बोट टेकवून.

मी सॉरी म्हणणार होते.
तो म्हणाला, "नाचणाऱ्यांना आपापले पाय ऐकू यावेत.
मी ऐकू आलो की कुणाचा तरी ठेका चुकायचा,
मग त्या दोघांचं भांडण, मग गाडीत बसेपर्यंत अबोला.
एकतीस वर्षं मी एवढंच जमवायला बघत होतो, साइमी.
कुणी लिहून दिलं नव्हतं."

कागदाची घडी घालून त्यानं आतल्या खिशात ठेवली.
आर्नी म्हणाला, तो नोंदीला लागेल.
"दुसरा भरून घे तिच्याकडून."

दुसरा भरला. दहा नमुने पटापट झाले.
चौथ्यापुढे मी पेन धरून बसले आहे.
आर्नी विचारतोय, अजून एकदा ऐकवू का.
नको म्हटलं.
कॉफी करपल्याचा वास येतोय, कुणीतरी उठा.