सोड, मुक्या

अकरा वर्षं मी फत्तेसिंग शिर्क्याच्या पुढ्यात खेळलो
आणि त्याने अडवलेला एकही बॉल धड पाहिला नाही.
स्टॉपरचं तोंड मैदानाकडे असतं.
मला दिसायचे ते समोरच्या फॉरवर्डचे चेहरे:
शॉट बसला की फुललेले,
मग हळूहळू दूध नासावं तसे.
त्यावरून समजायचं मागे काय झालं ते.

बाकी तो माझ्यासाठी नुसता आवाज.
'डावीकडे.' 'उंच आहे.' 'माझा.'
आणि सगळ्यांत जास्त वेळा, 'सोड, मुक्या.'
नाव मुकुंद; पण बॉल हवेत असताना
तीन अक्षरांना वेळ कुठला.

प्रतापनगरच्या वर्कशॉपात तो फिटर, मी स्टोअरला.
खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी:
अर्धा दिवस डब्यांची चाकं, दुपारनंतर मैदान.
कीपरचे मोजे तेव्हा बडोद्यात मिळायचे नाहीत.
वेल्डिंगवाल्यांचे चामडी मोजे त्याने कापून शिवून घेतले.
हात मिळवला की ग्रीसचा वास यायचा,
जिंकलेल्या टीमच्या हातालाही.

त्याच्या गोलपुढे गवत कधी धरलंच नाही.
खळं सारवावं तशी तेवढी जमीन गुळगुळीत.
सामन्याआधी तो बुटाने तिथे एक रेघ ओढायचा
आणि लगेच पुसायचा.
विचारलं नाही कधी. कीपरला एक खूळ माफ असतं.

करंगळी आणंदला मोडली, अंगठा दाहोदला,
उजवं मधलं बोट दोनदा,
दोन्ही वेळा घरच्या मैदानावर, आपल्याच माणसाच्या बुटाखाली.
नावात फत्ते, कपाटात उपविजेत्याचे पाच कप.
त्यातल्या एकात वहिनी चमचे ठेवतात.

आणि रतलामची फायनल.
चार मिनिटं उरलेली, बरोबरी, डावीकडून कॉर्नर.
तो म्हणाला, 'सोड, मुक्या.'

मी ऐकलं. स्वच्छ ऐकलं.
आणि तरी उडी मारली,
कारण खुर्च्यांवर साहेब लोक होते, सासरे आले होते,
आणि अकरा वर्षांत एकदा मलाही वाटलं
की हा माझा.

बॉल कपाळावरून निसटून
त्याच्या ताणलेल्या बोटांवरून आत गेला.

त्या दिवशी पहिल्यांदा मी मागे वळून पाहिलं.
तो जाळीतून बॉल काढत होता,
अंगणात आलेला शेजारच्या पोरांचा बॉल
परत द्यायला काढावा तसा.

सकाळच्या पेपरात एकच ओळ: गोलकीपर चुकला.
परतीच्या गाडीत त्याने पेपराच्या त्याच पानावर
भजी ओतली, अर्धी माझ्याकडे सरकवली.
तेल पसरत गेलं, कागद पारदर्शक झाला,
ओळीतून मागची बनियनची जाहिरात दिसू लागली.
पुढे तीस वर्षं त्याने तो विषय काढला नाही.
मीही नाही.
नावाला जागलो.

परवा खंडेराव मार्केटात, बाहेरच्या बाजूला,
एका लारीवरून टरबूज सुटलं.
उताराने गडगडत माझ्याच दिशेला.
गुडघे कुरकुरले, तरी मी वाकायला लागलो,
तोच पाठीमागून आवाज,
दमा लागलेला, तरी तोच:

'सोड, मुक्या. माझा.'

टरबूज 'माझा' कसं असेल?
पण व्याकरण सुधारायची ती वेळ नव्हती.
मी पाय बाजूला घेतला.
वळलो नाही.
समोर लारीवाली उभी होती, तोंडावर पदर धरून.
मी तिच्या डोळ्यांकडे बघत राहिलो.