बर्फाच्या कारखान्यात

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात
आता फोन वाजतात.
वाजत नाहीत खरं तर. इथून लावतात.
वाशीम, जालना, परतूर,
कुठल्या कुठल्या किराणा दुकानांत,
जिथे समुद्र मिठाच्या पुडीवर छापलेला असतो, तेवढाच.

उद्घाटनाला साहेब म्हणाले, अठ्ठावन्न रोजगार.
मी मोजले. माझ्यासकट एकोणसाठ.
म्हटलं, असू दे.
गेटवर खुर्ची आहे, वही आहे, दोरीला बांधलेलं पेन आहे.

एकवीस वर्षं मी इथे लाद्या फोडल्या.
डाव्या हाताच्या दोन बोटांना
अजून चहाचा कप गरम लागत नाही.
रंगाचे तीन हात दिले भिंतींना,
तरी दमट दुपारी खालून अमोनिया येतोच.
पोरं म्हणतात, एसी बिघडला.
मी म्हणतो, बिघडला असेल.

मोचेमाडकरांची सुलक्षा चौथ्या टेबलावर.
पुण्याच्या बाई शिकवून गेल्या,
'नको' ऐकू आलं की समजा, विक्री सुरू झाली.
सुलक्षाला हसू आवरेना.
तिची आई बाजारात
'नको' म्हणणाऱ्याच्या पिशवीत आधी बांगडे टाकते,
भाव मागाहून सांगते.

फोनवर मात्र ती इस्त्रीचं बोलते.
'सर, आपली फक्त दोन मिनिटं.'
हिशोबाचं सॉफ्टवेअर, उधारीची आपोआप आठवण,
पहिला महिना फुकट.

परवा परतूरचा कोणी मध्येच म्हणाला,
ताई, मागे कसला आवाज येतो?
तिने समोरच्या कागदावर उत्तर शोधलं.
नव्हतं.
मग म्हणाली, दर्या.
आणि उठून खिडकी अजून थोडी उघडली.

सॉफ्टवेअर त्याने घेतलं नाही.
फोनही ठेवला नाही, सोळा मिनिटं.
भिंतीवरच्या पडद्यावर तिचं नाव लाल झालं,
आठवडाभर लालच राहिलं.

संध्याकाळी आई रिकामी पाटी घेऊन गेटवर.
'काय इकलंस गो आज?'
'कायच नाय.'
'मगे बर्फात घाल. उद्या खपतला.'

माझा हात सवयीने कमरेला गेला,
शीतघराच्या किल्लीकडे.

मग वही ओढली आणि लिहिलं:
सुलक्षा मोचेमाडकर, बाहेर, सात वाजून दहा.