रात्री नऊ चाळीस

आधार शालिक सपकाळे, वय बावीस.
गुन्हा: विहिरीवरच्या मोटरीची केबल, एकशे दहा फूट,
तांबं सोलून भंगारात, सातशे रुपयांना.
शिक्षा: तूर्त नाही.
तुरुंगाऐवजी मी.

म्हणजे आठवड्यातून तीनदा मी,
अमळनेरहून स्कूटीवर,
कधी सांगून, बहुतेक न सांगता.
सोमवारी ठाण्यात सही.
संध्याकाळी सातनंतर उंबऱ्याच्या आत.
तापीचा पूल ओलांडायचा नाही.
पलीकडे चोपडा, चोपड्यात तो भंगारवाला
आणि चोपड्यातच त्याची बहीण;
अट घालताना हे कुणी विचारलं नव्हतं.
महिन्याला बाराशे रुपये, जिनिंगच्या मजुरीतून,
ज्याची केबल त्याच्या हातात, माझ्यासमोर.

त्याच्या आईला परिविक्षा म्हणता येत नाही.
ती म्हणते परीक्षा.
"परीक्षावाली बाई उनी रे," ती आत तोंड करून ओरडते
आणि कळण्याची भाकरी ताटात अर्धी ठेवून
तो बाहेर येतो, हात शर्टाला पुसत.
मी वही उघडते. भाकरी गार होते.
दोन्ही मला दिसतं,
नोंद एकाचीच करायची असते.

एकदा म्हणाला,
मॅडम, जळगावच्या जेलात अकरा दिवस होतो.
तिथं कडी बाहेरून होती. झोप लागायची.
इथं कडी माझ्या हाताशी आहे
आणि गल्लीत खांबाच्या उजेडात पोरं व्हॉलीबॉल खेळतात.
बॉल कधीकधी ओट्यावर येतो.
मी पायानं परत ढकलतो,
एक पाय उंबऱ्यात ठेवून.

हे मी लिहिलं नाही.
त्यासाठी रकाना नव्हता.

फेब्रुवारीतली रात्र. नऊ चाळीस.
दार उघडं. कॉट रिकामी. पंखा नुसताच फिरतोय.
"मळामा गया," आई म्हणाली. "लाईट उनी ना."
जणू गावात लाईट आली
की कोर्टाला हे आपोआप कळतं.

बांधावरून गेले. चप्पल हातात घ्यावी लागली.
विहिरीवर टॉर्चचा उजेड,
टॉर्च लिलाचंद पाटलांच्या हातात,
त्याच हातात, ज्यानं कोर्टात बोट दाखवलं होतं.
खाली हा उकिडवा,
दातानं टेप तोडत, तारेला तार पिळत.

"मीच बलाय लिधं त्याले," लिलाचंद म्हणाले.
"हाई केबल त्यालेच ठाऊक शे."
हसले नाहीत. तोही नाही.

मला विचारायचं होतं सातनंतरच्या अटीचं.
तोंडून निघालं, "फ्यूज काढलेत का?"
त्यानं खिशात हात घातला,
तिन्ही फ्यूज तळहातावर धरले, टॉर्चखाली.
त्याच्या खिशातून निघालेली वस्तू
पंचनाम्याशिवाय मी पहिल्यांदाच पाहत होते.

स्टार्टर दाबला. मोटर घुमली.
पाइप दोनदा खोकला
आणि मग पाणी आलं, गढूळ, नंतर बरं.

मी बांधावरच बसले, मोबाइलच्या उजेडात.
लिहिलं: रात्री ९.४०, घरी आढळला नाही.
हे खरं आहे.
पुढे "कारण", दोन बोटं रुंद.
मंगळवारी साहेब एवढंच वाचतील, मोठ्यानं.
माझ्याकडे अशा त्रेसष्ट फायली आहेत,
एकीत जागा वाढवली
तर बासष्टजण जागा मागतील,
आणि त्यातल्या वीसेकांचं खोटं असेल.
वीस की दहा, मला माहीत नाही.

पेन उघडंच होतं.
पाणी सरीतून सरकत सरकत
माझ्या पायांपर्यंत आलं, गार.
तो फावडं घेऊन समोर उभा,
घड्याळाकडे एकदा बघून.

"मॅडम, सरका ना जरा.
दारं मोडायचंय."

मी सरकले.