आधी ढास लागते

वेंगुर्ल्याच्या बंदराकडे उतरताना डाव्या हाताला
गिरपांची खाणावळ. मागच्या पडवीत ते यंत्र,
गोव्यातलं कुठलंसं हॉटेल बुडालं तेव्हा
मासळीच्या टेम्पोतून, रिकाम्या क्रेटांखाली आडवं घालून आणलेलं.
अंगावरची पट्टी परक्या भाषेत.
बटणांवर चित्रं होती म्हणे. आता नुसते बोटांचे डाग.

मी बोटींची इंजिनं करतो, बर्फाचा कारखाना,
भाताची गिरण, एकदा चर्चच्या घंटेची कप्पी.
भांडी धुणारं यंत्र कधी उघडलं नव्हतं.
तसं सांगितलंही मी.
उल्हास गिरप म्हणाले, "पाणी ओढतं, तापवतं, फेकतं.
बोटीपेक्षा काय वेगळं, संतान?"
म्हटलं, बोटीला समुद्र बाहेर असतो. ह्याला आत.
त्यांना वाटलं मी विनोद केला.

चार स्क्रू. तीन आले.
चौथा खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेला,
त्याला डोकं नाही, गंजाची टिकली फक्त.
त्यावर डिझेल सोडून वाट पाहत बसलो
आणि मग मागचा आवाज ऐकू यायला लागला:
सोडण ताटावर, ताट ताटावर.
विहिरीजवळच्या दगडाशी द्वारकाबाय केळुसकर.
एकशे चाळीस ताटं, वाट्या वेगळ्या.
यंत्र बंद पडल्याचा आज नववा दिवस,
आणि नऊच्या नऊ दिवस तिच्या बोटांच्या बेचक्यांत
लाल, फाटलेले.

मी विचारलं नव्हतं. मान वर न करता तीच म्हणाली,
"आधी ढास लागता तेका. मगे पाणी घेता.
ह्या टायमाक ढासच लागली नाय."

दोन तास मीटर लावून बसलो होतो,
तारेमागून तार,
आणि ही म्हणते ढास.
ढास म्हणजे व्हॉल्व उघडतानाचा धक्का,
हे कळायला मला एक अख्खा चहा लागला.

व्हॉल्वच्या तोंडाशी चुना, दातावरच्या कीटासारखा.
हीटरच्या नळीवर तोच, बोटभर.
बोरचं पाणी, समुद्र तीनशे पावलांवर.
हातोडी घातली असती तर नळीच गेली असती.
"आमसुलाचा पाणी लाव," ती म्हणाली,
"तांब्याक लावतंव तसा."
गेल्या साली राहिलेली आमसुलं, काळी पडलेली, बादलीभर.
रात्रभर नळी त्यात.
सकाळी लालभडक पाण्याच्या तळाला पांढरी माती
आणि नळी अशी उघडी, की बघताना संकोच वाटावा.

मग फवाऱ्याचे हात काढले.
भोकाभोकात तिरफळ.
बांगड्याच्या तिखल्यातलं, लोक ताटाच्या कडेला काढून ठेवतात ते.
ज्यानं हे यंत्र बनवलं त्याला वाटाणा माहीत असेल,
भाताचं शीत माहीत असेल.
तिरफळ कुठून माहीत असणार?
सुईनं एकेक काढलं. सत्तावीस.
पडवीभर वास, तीन-चार माणसं
जेवण झालंय का विचारून गेली.

रबर मिळालं नाही. ट्रकच्या ट्यूबमधून कापलं.
बटण दाबायला आणि लाईट जायला एकच गाठ.
पाऊण तास आम्ही तिघं त्या मुक्या पेटीसमोर,
आजाऱ्याला बघायला आल्यासारखे, बोलायला काही नसलेले.
लाईट आली.
खोकलं.
द्वारकाबायनं ओले हात लुगड्याला पुसले, कान लावला.
पाणी चढलं, गरगरलं, आपटलं, पडवी थोडी हलली.
गिरप हसले. ती नाही.
"आवाज येगळो इलो," म्हणाली. "परत शिकाक व्हया."

बिलात मी शेवटी एक ओळ घातली:
सल्ला, दोनशे रुपये.
"कोणाचा सल्ला?" मी विहिरीकडे बोट केलं.
त्यांना हाही विनोद वाटला. ओळ खोडली;
शाई ओली होती, तळव्याला लागली.
दोनशे मी माझ्यातले दिले. तिनं शंभर परत केले,
का, ते सांगितलं नाही.

चौथ्या स्क्रूच्या जागी सागाची खुंटी ठोकली आहे,
होडीला ठोकतात तशी.
पाण्यानं फुगेल.
धरेल.