फुगा

फोंड्याच्या तरणतलावात एका मंगळवारी
साविओ डायसने सगळ्यांना गप्प उभं केलं
आणि लाल फुगा फोडला.
यंत्रावर आकडा आला, पाच पूर्णांक दोन.
"इतके सेकंद," तो म्हणाला,
"तुमच्याकडे आवाज मरत नाही."

मला काय ते नवं नव्हतं.
बारा वर्षं बेताळभाटीला शिट्टी फुंकली मी,
तिथे हाक गेली की गेली.
समुद्र हाक परत करीत नाही.
बाकीचं करतो,
तिसऱ्या दिवशी.

इथे उलटंच. वर पत्रा, चारी अंगांनी टाइल्स,
साठ पोरं,
आणि एका किंकाळीच्या साठ किंकाळ्या.
कोण हसतंय, कोण पाणी गिळतंय,
कानांना पत्ता नाही. मी डोकी मोजायचो,
पुन्हा पहिल्यापासून मोजायचो.
घरी बायको हळू बोलली तरी
म्हणायचो, ओरडू नकोस.

कमिटीचे खांडेपारकर म्हणाले, अंड्यांचे ट्रे लावूया,
मेव्हण्याची कोंबड्यांची शेड आहे.
साविओने नुसतं वर बोट केलं:
छताला घाम सुटला होता.
या वाफेत पुठ्ठ्याला महिन्यात मिशा फुटतील, म्हणाला.

मग आले करडे तक्के, दरवाज्याएवढे,
आत लोकरीसारखं काही, बाहेर पाणी न शिवणारी कातडी.
छताखाली ओळीने लोंबले,
वाळत घातलेल्या गाद्यांसारखे.

दुसरा फुगा पिवळा. एक पूर्णांक सात.
खांडेपारकरांनी टाळी वाजवली
आणि ती एकदाच वाजली म्हणून
बावरून हात खिशात घातले.

लूर्दिना मॅडम मात्र सवयीने गरजल्या,
"पाय मार, निशांका!"
शेवटच्या लेनमधली निशांका दचकून रडूच लागली.
मॅडमनी गळ्यावर हात ठेवला.
घसा त्यांचा केव्हाच फाटलेला,
इतकी वर्षं घुमणं तो झाकत होतं.

काल तीनच्या बॅचला
खोल कोपऱ्यात बारीकसं 'हुप्' झालं.
किंकाळी नव्हे. श्वास मध्येच तुटावा तसं.
मी बुटांसकट पाण्यात.

पोराला उचकी लागली होती.

सगळी हसली मला.
काठाला धरून, नाकातोंडातून पाणी गाळीत मी ऐकत राहिलो:
नऊ जणं होती,
आणि नऊही हसणी वेगळी.